घडी कागदाची आणि शिक्षणाची

गेल्या हिंवाळ्यांत कबनूर येथील एका शाळेंत भरलेल्या शैक्षणिक साधनांच्या प्रदर्शनास परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. हातकणंगले तालुक्यांतील हें गांव इचलकरंजीला इतकें लागून आहे कीं, शहर कोठें संपलें आणि कबनूर कोठें सुरू झालें हें नवख्या माणसास सांगतां येत नाहीं. दोहोंकडे यंत्रमागांचा खडखडाट सारखाच. प्रदर्शनाच्या दालनांत मात्र विलक्षण शांतता होती, आणि तिचें कारण थोड्याच वेळांत माझ्या ध्यानीं आलें. प्रत्येक वस्तूपुढें "हात लावूं नये" अशी पाटी होती. चमकी लावलेल्या फोमची सूर्यमाला होती. ज्या सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालींच बंदी घातली त्याच थर्माकोलचें हृदय होतें. तांबड्या दिव्याचा ज्वालामुखी होता. आणि प्रत्येकाच्या मागें हात पाठीशीं बांधून उभें असलेलें एक मूल होतें.

अगदीं शेवटच्या बांकावर सहावींतली एक मुलगी बसली होती. तिच्यापुढें जुन्या लग्नपत्रिकांचे कापलेले कांहीं त्रिकोण होते, पाटी नव्हती. "बाळ, हें काय?" असें विचारतांच तिनें एक त्रिकोण उचलला, त्याचें टोंक पायावर आणून दुमडलें, उरलेले दोन कोपरे त्याच जागीं आणले आणि म्हणाली, "सर, बघा कीं, तिन्ही कोन एका ओळींत बसले." मीं मुद्दाम एक चांगला वेडावांकडा त्रिकोण कापून तिच्या हातीं दिला. क्षणभर ती थबकली; मग सर्वांत लांब बाजू खालीं घेऊन तिनें तोच प्रयोग पुन्हां केला, आणि कोन पुन्हां एका ओळींत बसले.

निकालाच्या वेळीं माझ्या सहपरीक्षकांनीं सांगितलें कीं, या वस्तूंत श्रम दिसत नाहींत. पहिलें बक्षीस सूर्यमालेस गेलें. त्या मुलीस उत्तेजनार्थहि कांहीं मिळालें नाहीं. त्या निकालपत्रावर तिसरी सही माझी आहे. प्रस्तुत लेख त्या सहीचें प्रायश्चित्त म्हणून लिहीत आहें. त्यांत मीं कोणाची भीड धरली नाहीं, तर वाचकांनीं क्षमा करावी. माझी स्वतःचीहि धरलेली नाहीं.

"टाकाऊतून टिकाऊ" हा मंत्र आमच्या शाळांतून गेलीं कित्येक वर्षें जपला जात आहे. मंत्र चांगला आहे; जपणाऱ्यांस मात्र त्याचा अर्थ कळलेला नाहीं. टिकाऊ म्हणजे न फाटणारें, न मळणारें आणि न मोडणारें, अशी त्यांची समजूत. म्हणून कागदाच्या तक्त्यावर प्लास्टिकचा पापुद्रा चढवावयाचा, पुठ्ठ्याच्या जागीं फोम आणावयाचा, आणि एवढें करून तयार झालेली वस्तु कपाटांत ठेवून वर कुलूप लावावयाचें. कागदावर एकदां प्लास्टिक चिकटलें कीं तो रद्दीवाल्याच्या उपयोगाचा राहात नाहीं, आणि मुलाच्या हातांत दुमडलाहि जात नाहीं. म्हणजे जो मुळांत टिकाऊ नव्हता पण उपयोगी होता, तो कागद आम्ही निरुपयोगी करून चिरंजीव केला! माझ्या मतें टिकाऊ साधन तेंच, जें फाटलें असतां मुलाला स्वतःच्या हातानें, जवळजवळ बिनखर्चानें आणि दोन मिनिटांत पुन्हां करतां येतें. वस्तु नाशवंत असली तरी चालेल. करण्याची रीत हातांत राहिली पाहिजे. त्या मुलीचे सगळे त्रिकोण त्याच संध्याकाळीं केरांत गेले असतील. परंतु त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश असते हें तिच्या हातांतून आतां कोणाला काढून घेतां येणार नाहीं. सूर्यमाला शाळेच्या कपाटांत अजून शाबूत असेल, आणि ती करणाऱ्या मुलास गुरु व शनि यांचा क्रम पाठ असेल किंवा नसेल.

यावर कोणी म्हणेल कीं, कागदाच्या घड्या हा बालवाडींतला खेळ. त्याला इतकें महत्त्व कशाला? हा आक्षेप बहुधा आमच्यासारख्या पदवीधरांकडून येतो, आणि तो अज्ञानाचा आहे. जर्मनींत फ्रोबेलनें १८३७ सालीं बालकांसाठीं संस्था काढली, तेव्हां घड्या घालणें, कातरणें व कागदाच्या पट्ट्या विणणें या उद्योगांस त्यानें शिक्षणक्रमांत मानाची जागा दिली, हें खरें. परंतु गोष्ट तेथें संपली नाहीं. मद्रास इलाख्यांतील टी. सुंदरराव या आपल्याच देशाच्या गृहस्थांनीं त्या बालोद्यानांतील घड्यांवरून स्फूर्ति घेऊन कागदाच्या घड्यांनीं भूमिति शिकविणारें एक इंग्रजी पुस्तक लिहिलें आणि तें १८९३ सालीं मद्रासेस छापलें. चौरसापासून आरंभ करून बहुभुज, श्रेढी आणि शंकुच्छेदांच्या वक्ररेषांपर्यंत त्यांनीं वाचकास नुसत्या घड्यांनीं नेलें. फेलिक्स क्लाइन हा त्या काळचा थोर जर्मन गणिती. त्यानें १८९५ सालच्या आपल्या ग्रंथांत या पुस्तकाचा उल्लेख केला, आणि १९०१ सालीं अमेरिकेंत शिकागो येथें तें पुन्हां छापलें गेलें. मद्रासचें पुस्तक जर्मनीमार्गें अमेरिकेस पोंचलें. कबनूरला तें अद्याप पोंचावयाचें आहे.

याहून मोठें आश्चर्य पुढेंच आहे. कोणत्याहि कोनाचे तीन समान भाग करणें आणि दिलेल्या घनाच्या दुप्पट घन काढणें या ग्रीकांच्या दोन जुन्या समस्या. पट्टी आणि कंपास एवढ्यांनींच त्या सुटणें अशक्य आहे, हें वांझेल या फ्रेंच गणित्यानें १८३७ सालीं सिद्ध केलें. परंतु इटलींतील मार्गेरिता बेलोक या विदुषीनें १९३६ सालीं दाखवून दिलें कीं, कागदाच्या घडीनें त्रिघाती समीकरणें सुटतात. अर्थात् जें पट्टी-कंपासास साधत नाहीं तें घडीस साधतें. ज्या घडीला आम्ही बाळबोध म्हणून हिणवितों, ती युक्लिडाच्या साधनांहून सामर्थ्यवान् ठरली! आमच्या दहावीच्या विद्यार्थ्याच्या पेटींत कंपास असतो, गुण्या असतो, कोनमापक असतो. आणि ज्या कागदावर तो हें सर्व चालवितो, तो कागद स्वतःच एक उपकरण आहे हें त्याला कोणीहि सांगत नाहीं.

वाचकांनीं माझ्या शब्दावर विश्वास न ठेवतां स्वतः पाहावें. कचेरींतून येणारा नेहमींचा ए-चार आकाराचा कागद घ्या; तो २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर लांब असतो. त्याची आंखूड बाजू लांब बाजूवर आणून तिरकी घडी घाला. जी तिरकी रेघ उमटेल, ती एका चौरसाचा कर्ण होय. आतां त्याच आकाराच्या दुसऱ्या कागदाची लांब बाजू त्या रेघेवर ठेवा. दोन्ही तंतोतंत जुळतील. चौरसाची बाजू एक धरली तर कर्ण दोनाचें वर्गमूळ, हें जें आपण नववीच्या वर्गांत खडूनें लिहितों आणि मुलें डोळे मिटून उतरून घेतात, तें येथें टेबलावर पडलेलें आहे. तोच कागद मधोमध दुमडून अर्धा केला तरी लांबीरुंदीचें प्रमाण बदलत नाहीं. कां बदलत नाहीं, हें विचारल्यावर वर्गांत जी कुजबुज होते तिच्याएवढा मंजुळ आवाज मीं आपल्या अध्यापनाच्या आयुष्यांत दुसरा ऐकलेला नाहीं. लहान मुलांसाठीं अपूर्णांक घ्या. कागदाची उभी घडी घालून तीन भाग करा, आडवी घडी घालून दोन. अर्ध्याचा एकतृतीयांश म्हणजे एकषष्ठांश कां, हें मग तोंडानें सांगावेंच लागत नाहीं.

आणि हें सर्व करावयास कबनूरसारखें गांव महाराष्ट्रांत शोधून सांपडणार नाहीं. १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं इचलकरंजींत पहिला यंत्रमाग आणला. तेव्हांपासून या सबंध टापूचें पोट सुतावर चालतें. सूत ज्यावर गुंडाळून येतें ते कागदी कोन प्रत्येक कारखान्याच्या कोपऱ्यांत पडलेले असतात. कामगाराच्या तोंडचा हा "कोन" आणि पाठ्यपुस्तकांतील "शंकुछेद" हे एकच आहेत, हें किती शिक्षकांनीं मुलांस सांगितलें आहे? त्या कोनावर जुन्या वर्तमानपत्राचा कागद घट्ट लपेटावा, दोन्ही कडांशीं कातरीनें छाटावा, एक तिरपी चीर द्यावी आणि उलगडावा. समोर वर्तुळाच्या पाकळीचा एक तुकडा पसरतो. वक्र पृष्ठाचें क्षेत्रफळ काढण्याचें सूत्र त्या तुकड्यांतूनच निघतें. सायझिंगमध्यें ताण्याच्या सुताला जी खळ देतात, तिचीच चुलतबहीण मैद्याची खळ घरोघर चुलीवर होते. डिंकाच्या बाटलीची गरज नाहीं. जाकार्ड मागावर नक्षी उठविण्याकरितां भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांची जी साखळी फिरते, ती फ्रान्समध्यें १८०४ च्या सुमारास निघालेली युक्ति. भोंक असेल तर सूत उचलावें, नसेल तर उचलूं नये, या "होय-नाहीं" च्या भाषेशीं आजच्या गणकयंत्राचें नातें आहे. चार पुठ्ठे आणि एक भोंकें पाडण्याचा खिळा एवढ्यावर हा धडा होतो. पण आमच्या शाळेंत तो होत नाहीं. तेथें ज्वालामुखी होतो. कबनूरच्या मुलानें ज्वालामुखी कधीं पाहिला नाहीं आणि माग रोज पाहिला, एवढ्याच अपराधासाठीं माग वर्गाबाहेर राहिला आहे.

येथें मी या वादाच्या गाभ्याशीं आलों. हाताच्या कामाविषयीं आम्हां सुशिक्षितांच्या मनांत एक जुनी अढी आहे. महात्मा फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें प्राथमिक शाळांतून शेतीचें प्राथमिक ज्ञान द्यावें अशी मागणी केली. गांधीजींनीं १९३७ सालीं वर्ध्यास हस्तोद्योग हेंच शिक्षणाचें माध्यम करावें असें सांगितलें. कोठारी आयोगानें (१९६४–६६) कार्यानुभव हा विषय सुचविला. प्रत्येक वेळीं आम्हीं मान डोलावली आणि त्या तासाला गणिताची उजळणी घेतली. कार्यानुभवाची श्रेणी वर्षअखेरीस शाईनें भरली जाते. काम करणारे हात मुलाचे असतात कीं आईचे, हें कोणी विचारीत नाहीं. वाचकहो, रात्रीं अकरा वाजतां मुलगा झोंपल्यावर त्याच्या प्रकल्पाला चमकी लावीत बसलेली माउली आपल्याच घरांतील आहे. ती प्रेमानें बसते, हें मला कबूल आहे. परंतु त्या प्रेमानें ती मुलाचे हात काढून घेते. आणि ज्या घरांत आई स्वतः कांड्या भरावयास जाते, तेथें प्रकल्प स्टेशनरीच्या दुकानांतून तयार विकत आणावा लागतो. छत्रपति शाहू महाराजांनीं १९१७ सालीं आपल्या संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्याचें ठरविलें. त्याच कोल्हापूरच्या मातींत आज मागावरच्या कामगारानें पोराच्या ज्वालामुखीसाठीं हप्त्याच्या मजुरींतून पैसे मोजावे, हें त्या मोफत शिक्षणाचें विडंबन नव्हे काय?

सरकारनें साधनें पुरविलीं नाहींत असेंहि नाहीं. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेंत शाळाशाळांस साहित्याच्या पेट्या गेल्या. त्यांपैकीं कितीतरी मोडतोडीच्या भीतीनें कुलपांतच राहिल्या, ही तक्रार तेव्हांपासून सर्वश्रुत आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर खेळण्यांतून शिक्षण हा शब्द रूढ झाला, आणि २०२३ सालीं "जादुई पिटारा" नांवाची पेटी निघाली. हेतु शुद्ध आहे. परंतु पेटी वरून आली कीं ती जड वस्तूंच्या नोंदवहींत जाते. नोंदवहींत गेली कीं ती हरवूं नये म्हणून शिक्षक तिच्यावर पाहारा करतो. कागदाचें भाग्य असें कीं, त्याची नोंद कोणी करीत नाहीं. ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डीस खेड्यांतील मुलांसाठीं बालशिक्षणाचें केंद्र काढलें, तेव्हां माँटेसोरीबाईंचीं महागडीं साधनें खेड्यास परवडणार नाहींत हें ओळखून त्यांनीं परिसरांत मिळणाऱ्या साध्या वस्तूंवर भर दिला. आमच्या काळीं अरविंद गुप्ता यांनीं पुण्याच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेंत बसून कागद, आगपेटींतील काड्या व सायकलच्या व्हाल्व्हची नळी यांतून विज्ञान शिकविण्याचा जो उद्योग केला, त्यास २०१८ सालीं पद्मश्रीचा मान मिळाला. मान दिला आणि आम्ही मोकळे झालों. सत्कार करून विचार टाळण्याची कला आपणांस उत्तम साधली आहे.

आतां विरोधकांचे उरलेले आक्षेप. पहिला असा कीं, कागदासाठीं झाडें तुटतात. मग यांत पर्यावरणाचें रक्षण तें कोणतें? आक्षेप योग्य आहे, आणि म्हणूनच मी नवे घोटीव कागद विकत आणा असें म्हणत नाहीं. ए-चार आकाराचा एक साधा कागद सुमारें ५ ग्रॅम भरतो. ४० मुलांच्या वर्गास एकेक दिला तर २०० ग्रॅम. एका बाजूस छापलेल्या सूचना, जुन्या प्रश्नपत्रिका, दिनदर्शिकेचीं गेलेल्या महिन्यांचीं पानें, लग्नपत्रिका, साड्यांचे खोके एवढें कोणत्याहि गांवांत वर्षभर पुरून उरेल. आणि काम झाल्यावर तें रद्दींत जाऊन पुन्हां कागदच होईल. फोम आणि थर्माकोल यांस ही गति नाहीं. ते पंचगंगेच्या कांठीं दिसतात.

दुसरा आक्षेप पडद्याचा. आतां वर्गांत मोठा पडदा आला आहे, त्यावर त्रिकोण आपोआप दुमडतो, मग हाताचा खटाटोप कशाला? पडद्याचा मी शत्रु नाहीं. दूरचे ग्रह आणि पेशींचें अंतरंग त्यानेंच दाखवावें. परंतु पडद्यावरचा त्रिकोण कधीं चुकत नाहीं, हाच त्याचा दोष. मुलाच्या हातची घडी चुकते, कोपरा जुळत नाहीं, आणि चूक झाली हें मास्तरांनीं सांगण्यापूर्वींच त्याला कळतें. आपली चूक आपणच पकडणें यापरतें दुसरें शिक्षण मला माहीत नाहीं.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे: वेळ कोठें आहे? सर्वेक्षणें, माहितीचे तक्ते, निवडणुकीचीं कामें यांनीं शिक्षक पिचला आहे, हें खरें. त्याबद्दल त्याला दोष देणारा मी कोण? पण प्रदर्शनापूर्वींचे पंधरा दिवस ज्या सजावटींत जातात, ते त्याचेच असतात. ते परत मिळाले तर चाळीस मुलांच्या हातून चाळीस घड्या सहज होतील. आणि कागदानें सर्वच साधेल असेंहि माझें म्हणणें नाहीं. बीं मातींतच रुजतें, चुंबक लोखंडालाच ओढतो. तेथें कागद आणणें हा दुराग्रह होईल.

तेव्हां माझ्या सूचना थोड्याच आहेत. शालेय प्रदर्शनांतून "हात लावूं नये" ही पाटी आधीं काढावी. जें साधन मुलाला परीक्षकासमोर मोडून पुन्हां करून दाखवितां येईल, त्यासच गुण द्यावे. फोम, थर्माकोल, चमकी आणि प्लास्टिकचा पापुद्रा यांस दारांतच अटकाव करावा. अध्यापक विद्यालयांतून होणाऱ्या शिक्षकांची परीक्षा रंगीत तक्त्यांवर न घेतां, एक कोरा कागद त्यांच्या हातीं देऊन घ्यावी. आणि आम्हीं पालकांनीं रात्रीं लवकर निजावें.

शिक्षणाची घडी विसकटली अशी ओरड आपण प्रत्येक पिढींत ऐकतों. घडी ज्याच्या हातची असते त्यालाच ती पुन्हां बसवितां येते. म्हणून ती मुलाच्या हातीं द्या. त्या मुलीचा पत्ता मीं शाळेंतून मिळविला आहे. येत्या सुट्टींत मी तिच्या घरीं जाणार आहें. बक्षीस द्यावयास नव्हे, तें देण्याचा माझा अधिकार त्या सहीबरोबरच गेला. तिनें लांब बाजूच खालीं कां घेतली, हें तिला विचारावयाचें आहे. उत्तर मला ठाऊक आहे. तिच्या तोंडून ऐकावयाचें आहे, इतकेंच.